गोलात बसेल तेवढंच तोंड

"कान कापला माज्या पोराचा," हंसावहिनी विजयाच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत कुरकुरल्या. "चांगला अख्खा कान होता. नि वरचं डोकंपन गेलं."

डोकं गेलं ते बरंच झालं, हे विजयाच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिनं ते आवंढ्याबरोबर गिळलं. स्क्रीनवर एक गोल होता आणि त्या गोलात हंसावहिनींचा नीलेश बसवलेला होता. निळा कोट, मरून टाय, कपाळावर भुरभुरणारे दाट काळे केस. यातले नाक आणि डोळे तेवढे नीलेशचे. कोट आणि टाय बोईसरच्या कमलेश फोटोवाल्याचे. त्याच्या कॉम्प्युटरात तो एकच कोट होता, आणि चिंचणीपासून पालघरपर्यंत समाजातल्या निम्म्या उपवर मुलांच्या मानेखाली त्यानं तो चिकटवला होता. केसही कमलेशचेच. खऱ्या नीलेशचं कपाळ पस्तिशीतच टाळूच्या पलीकडे उतरलं होतं.

"ह्यो गोल जरा मोठा नाय होत?"

"केदारला विचारा, वहिनी. गोल त्याचा आहे."

केदार म्हणजे हंसावहिनींचा पुतण्या. वहिनींचे यजमान बळवंतराव समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष, आणि केदार पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, म्हणजे मंडळाची वेबसाइट कोण बनवणार हे विचारायलाच नको. गेल्या दिवाळीत गावी आला असताना त्याला समाजसेवेची उबळ आली आणि चार दिवस चिकूच्या झाडाखाली लॅपटॉप घेऊन बसून त्यानं ती बनवली. तोवर नाव, शिक्षण, नोकरी, रास, नक्षत्र एवढ्यावर लग्नं जमत होती. आता नोंदणी करतानाच फोटो टाकायचा. नाही टाकला तर पुढचं पान उघडणार नाही.

पहिल्याच आठवड्यात समाजानं आपलं खरं रूप दाखवलं. एकानं गणपती टाकला. एकानं गुलाबाचं फूल, वर 'शुभ प्रभात'. तारापूरच्या एका बापानं मुलीऐवजी तिनं काढलेली रांगोळी टाकली, आणि विजयानं फोन केला तर तोच वर तोंड करून म्हणाला, मुलगी कलाकार हाय ते कळायला नको का लोकांना. एकानं आख्ख्या खानदानाचा सहलीचा फोटो टाकला. केदारच्या गोलानं त्यातलं नेमकं मामाचं पोट उचललं आणि खाली लिहिलेलं होतं, 'वधू, गोरी, सडपातळ'. कुणी मोटारसायकल टाकली, कुणी हार घातलेले आजोबा. मोठ्यांचा आशीर्वाद असावा म्हणून. विजया एकेकाला फोन करून सांगत होती, बाबा रे, तोंड टाक, तुझं तोंड. फोन ठेवला की मनात म्हणायची, या तोंडांसाठी केवढा हा खटाटोप, आणि टाकलं तरी कमलेशचा कोट घालूनच टाकणार.

विजया समाजमंदिरातल्या मंडळाच्या या टेबलामागे वीसेक वर्षं बसत होती. त्याआधी ती बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ती नोकरी तिला फार आवडायची. पगारासाठी नव्हे. पॅकिंगमध्ये डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय आत सोडत नसत, आणि त्या लांबलचक खोलीत सगळ्या बायकांना सारखंच तोंड होतं. डोळ्यांनी हसायचं, डोळ्यांनी भांडायचं. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका पगारासाठी रडल्या. विजयाला त्या फडक्याचं वाईट वाटलं होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

तिचा वरचा ओठ जन्मतः फाटलेला. लहानपणी सरकारी दवाखान्यात तो शिवला, पण शिवणाऱ्याला बहुतेक घरी जायची घाई असावी. ओठ एका बाजूला नाकाकडे ओढला गेला तो गेलाच. कोपऱ्यातला एक दात कायम बाहेरचं जग बघत असायचा. बोलताना काही शब्द नाकातून जात, म्हणून तिनं कमी पण नेमकं बोलायची सवय लावून घेतली होती. समाजात 'ओठ' हा शब्द तिच्यासमोर कुणी कधी उच्चारला नव्हता. लिपस्टिकचा विषय निघाला तरी बायका तिच्याकडे बघून विषय बदलायच्या आणि वर आपण किती समजूतदार म्हणून एकमेकींकडे बघायच्या. विजयाला त्या समजूतदारपणाची किळस येई.

समाजाचं सगळं समजूतदारपणावरच चालायचं. स्थळ नाकारायचं तर खरं कारण सांगत नाहीत. मुलगी काळी, मुलगा पितो, सासू खाष्ट, घरात संडास नाही, काहीही असो, निरोप एकच द्यायचा: पत्रिका जमत नाही. दुसऱ्या बाजूनंही कुठे, कशी, कोणी बघितली हे विचारायचं नसतं. विचारलं तर आपणच खालचे ठरतो. विजयानं फोनवरून हा निरोप इतक्या घरांत पोचवला होता की मंगळ आणि शनी यांच्यावर तिचा कधीच विश्वास राहिला नव्हता. तिला वाटे, आकाशातल्या ग्रहांना आपल्यावर काय काय ढकललं जातं ते कळलं तर ते फिरायचे थांबतील.

तिच्याही घरी हा निरोप एकदा आला होता. तेव्हा ती तेवीस-चोवीसची. बघायला आले होते ते हेच बळवंतराव, आईवडिलांसह. ओसरीवर बसून दोन शहाळी प्यायले, तिच्या हातचं पानात वाफवलेलं पानमोडं खाल्लं, चांगलं झालंय म्हणाले. चौथ्या दिवशी निरोप, पत्रिका जमत नाही. वडिलांनी हू की चू केलं नाही. पुढच्या वर्षी बळवंतरावांनी डहाणूकडची हंसा केली. तेव्हापासून विजया त्यांना दादा म्हणत नाही. बघायला येऊन गेलेल्या माणसाला भाऊ कसं म्हणणार? ती त्यांना 'अध्यक्ष' म्हणते. ते अध्यक्ष व्हायच्या आधी ती त्यांना काहीच म्हणत नसे.

तर असं हे सगळं सुरळीत चाललेलं असताना केदारनं मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकला. आता वेबसाइट वापरणाऱ्या प्रत्येकाला फोटो सक्तीचा, नोंदणी तपासणाऱ्यांनाही. पहिल्या तारखेपासून बिनफोटोची खाती बंद. आणि पहिल्या पानावर 'संपर्क' म्हणून मंडळाचं काम बघणाऱ्या व्यक्तीचा फोटो गोलात दिसेल, त्यानं लोकांचा विश्वास वाढतो. केदारच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या मनात काही नव्हतंच. नियम सगळ्यांना सारखा, एवढं त्याला शिकवलेलं होतं, आणि सगळे सारखे नसतात हे शिकवायला त्याच्या कॉलेजात कुणी नव्हतं.

संदेशाखाली अंगठ्यांची रांग लागली. मग ज्यांना ज्यांना विजया आठवली त्यांनी आपापला अंगठा मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बळवंतराव समाजमंदिरात आले. पंखा लावला, खुर्ची ओढली, वाडीत यंदा चिकू बारीक आलाय हे सांगितलं, आणि मग टेबलावरच्या पेपरवेटशी बोलू लागले. ते म्हणाले, विजयानं फोटोचं टेन्शन घेऊ नये. तिच्या जागी समाजाचं बोधचिन्ह टाकू, कलश आणि जोडलेले हात. शोभून दिसेल. नाहीतर सचिवांची सून किंजल आहे, पदवीधर आहे, चेहरा हसरा आहे. तिला पुढं बसवू. काम विजयानंच बघायचं, किंजलला मागून सांगायचं.

"तुजा त्रास वाचंल," ते म्हणाले.

"मला काय त्रास हाय, अध्यक्ष?"

बळवंतरावांनी पेपरवेट उलटा केला. त्यातलं प्लास्टिकचं फूल डोक्यावर उभं राहिलं. "तसं नाय. आजकाल लोक पयलं काय बगतात..."

"काय बगतात?"

"डिझाईन," बळवंतराव म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर विजयानं पेपरवेट सुलटा केला. खुर्ची जाईल म्हणून तिला भीती वाटत होती, हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं. घरी भावाच्या संसारात तिला ताट होतं, कोपरा होता, मान होता, पण खुर्ची नव्हती. इथं माणसं येऊन तिच्यासमोर उभी राहत, विजूताई जरा बगा ना म्हणत. किंजलच्या मागं उभं राहून तिच्या कानात सांगायचं म्हणजे पुन्हा फडकं बांधायचं, आणि या वेळी ते एकटीनंच.

सोमवारी सकाळी ती रिक्षानं बोईसरला गेली.

कमलेशच्या दुकानात नेहमीसारखी गर्दी होती. शिफ्ट सुटलेले कामगार गेटपासच्या फोटोसाठी ओळीनं उभे होते आणि कमलेश हिंदीत एकेकाची हनुवटी वर करवत होता. विजयाला बघून त्यानं स्टूल पुसलं. समाजाची निम्मी गिऱ्हाइकं तिनंच पाठवलेली.

"या विजूताई. कोनाचा काडायचाय?"

"माजा."

कमलेशनं पापणीसुद्धा हलवली नाही. धंद्यात मुरलेला माणूस. पडदा ओढला, दिवे लावले, आणि विजया स्टुलावर बसली. पदराचं टोक सवयीनं तोंडाकडे गेलं. तिनं ते मांडीखाली दाबून ठेवलं. फोटो निघाला. कमलेशनं तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि दोघं बघत राहिली. एवढा मोठा तिनं तो कधीच पाहिला नव्हता. आरशात बघताना ती केसांपासून सुरुवात करून नाकाशी थांबायची.

"जरा साफ करून देतो," कमलेश हळूच म्हणाला. "पाच मिनटाचं काम. कोनाला कळनार नाय."

"नीलेशच्या डोक्यासारखं?"

कमलेश हसू दाबत राहिला.

"हाय तसाच दे," विजया म्हणाली. "नि कोट घालू नको."

समाजमंदिरात परत येऊन तिनं स्वतःच्या नावानं वेबसाइट उघडली, फोटो निवडला आणि बटण दाबलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. मग गोल उघडला आणि त्यात ती. केस विंचरलेले, डोळे जरासे वटारलेले, बरोबर मध्यभागी तो ओठ. नीलेशच्या कानावर कात्री चालवणाऱ्या गोलानं हिचं काहीच कापलं नव्हतं. पहिल्या पानावर जाऊन तिनं पुन्हा बघितलं. 'संपर्क' शब्दाखाली तीच होती. तिनं चहा मागवला आणि तो त्या गोलासमोर बसून प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलात कलश होता. कलश आणि जोडलेले हात.

तिनं पुण्याला फोन लावला. केदार मीटिंगमध्ये होता, मग जेवत होता, मग सापडला. विजूआत्या, सॉरी, तो म्हणाला, फोटोची साइज मोठी होती बहुतेक. सर्व्हरनं घेतला नाही.

"काल घेतला होता."

"हो, म्हणजे नंतर रिजेक्ट होतो कधीकधी. आपोआप."

"पत्रिका बघून?"

"काय?"

"काय नाय. जेव तू," असं म्हणून विजयानं फोन ठेवला. तिला राग आला नाही. ओळखीचं कुणी नवे कपडे घालून दारात उभं राहावं तसं वाटलं. पूर्वी ग्रहांवर ढकलायचे, आता सर्व्हरवर. पोरगं पुण्यात शिकलं, पण समाजाचे संस्कार विसरलं नाही. काकांचा फोन गेला असणार, आणि फोनवरही तो शब्द न उच्चारताच काम झालं असणार. एवढी माणसं एवढा एक शब्द चुकवत कशी चालत असतील, शाळकरी पोरं चिखल चुकवत चालतात तशी.

त्याच आठवड्यात नीलेश बोईसरला दिशाला बघून आला. दिशा एका दवाखान्यात नर्स होती. तिचं फोटोवरून ठरल्यातच जमा होतं. गुरुवारी तिच्या आईचा विजयाला फोन आला. आधी ती नेहमीचं वाक्य बोलली, मग तिला हसू आवरेना. पोरगी म्हणते, आई, फोटोतला कुठं राहिला, हे तर त्याचे काका आलेत. विजयानं फोन ठेवला आणि हंसावहिनींना बोलावून घेतलं. असले निरोप ती वहिनींना फोनवर देत नसे.

हंसावहिनी आल्या, दारातच कळलं त्यांना. खुर्चीवर बसल्या. पिशवीतून भेंडी अर्धी बाहेर आली होती, ती त्यांनी आत ढकलली.

"पत्रिका जमत नाही म्हणतात," विजया म्हणाली.

"हम्म."

नीलेशचा हा कितवा नकार हे दोघींनाही मोजायचं नव्हतं. पूर्वी मुलाकडचे नाकारायचे, आता काळ फिरला होता, मुली कमावत होत्या आणि मुलं कोट घालून रांगेत उभी होती. विजयाला यात गंमत वाटायला हवी होती. गेली काही वर्षं बळवंतरावांच्या घरी हा निरोप पोचवताना तिला थोडी वाटायचीही. पण हंसावहिनी भेंडीकडे बघत राहिल्या होत्या आणि त्यांच्या बांगड्या पिशवीच्या बंदात अडकल्या होत्या.

"विजू," त्या म्हणाल्या, "पत्रिका मीच दाखवून आनली होती. चांगली जमत होती. काय झालं खरं सांग."

वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. विजयानं एकदा दाराकडे बघितलं.

"केस," ती म्हणाली.

 हंसावहिनी भेंडीकडे बघतच म्हणाल्या, "मीच सांगितलं कमलेशला. तो पोरगा नको म्हनत होता." बांगड्या सोडवल्या, उठल्या, आणि दाराशी जाऊन वळल्या. टेबलावरच्या स्क्रीनवर तो कलश उघडाच होता. "ह्या गोलात परवा तू होतीस ना? मी बगितलं होतं मोबाईलवर. कुटं गेलीस?"

"सर्व्हरनं घेतला नाय म्हणतात."

वहिनींनी कलशाकडे बघितलं, मग विजयाकडे, नीट, नाकाशी न थांबता. आणि गेल्या.

रविवारी मंडळाची बैठक. समाजमंदिरात सतरंजी, पुरुष पुढे, महिला विभाग भिंतीला टेकून, केदार पुण्याहून मुद्दाम आलेला. विषयपत्रिकेवर तिसरा विषय, 'संकेतस्थळावरील संपर्क व्यक्ती'. पहिले दोन विषय लोकांनी इतके लांबवले की तिसऱ्याला वेळच राहू नये. पण रविवार होता, वेळ भरपूर होता.

शेवटी सचिवांनी घसा साफ केला. किंजलची त्या पदासाठी योग्यता सांगितली. एकानं अनुमोदन दिलं आणि सांगितलं की विजूताईंचं मार्गदर्शन समाजाला कायमच हवं आहे. दुसऱ्यानं विजूताईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा असं सुचवलं. मग विजूताई इतकी वर्षं राबल्या, आता त्यांना विश्रांती, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. किंजल बिचारी मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होती.

विजया उठली. लॅपटॉप तिनं पुढे आणून सतरंजीवर ठेवला, बैठकीकडे तोंड करून. सगळ्यांच्या देखत तोच फोटो पुन्हा टाकला. पट्टी भरली. गोल उघडला. ती जागेवर जाऊन बसली नाही, लॅपटॉपच्या शेजारीच उभी राहिली, म्हणजे लोकांना दोन्ही तोंडं एकदम बघावी लागतील.

"घेतला की सर्व्हरनं," ती म्हणाली. "आता सांगा, का नको?"

कुणी छताकडे बघितलं, कुणी मोबाईलकडे. सचिव म्हणाले, उजेड जरा कमी आहे फोटोत. एकजण म्हणाला, मागचा पडदा निळा हवा होता. केदार म्हणाला, तसं टेक्निकली बघितलं तर, आणि लॅपटॉपची वायर तपासू लागला. बळवंतराव म्हणाले की प्रश्न विजूचा नाही, प्रश्न एकूण सादरीकरणाचा आहे, आणि सर्व्हरचं म्हणाल तर केदारनं तपासून बघितलंय...

"अवो, गप बसा जरा."

भिंतीकडून आवाज आला. हंसावहिनी उठून उभ्या राहत होत्या, एका हातानं भिंत धरून, गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. नवऱ्याला चारचौघांत असं बोललेलं त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.  वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"विजू, पत्रिका जमत होती तुजी," त्या म्हणाल्या. "माज्यापेक्षा चांगली जमत होती. सासूबाय जिवंत होत्या तोवर मला त्येच ऐकवायच्या, भाजीत मीठ कमी पडलं तरी. ती विजू केली असती, पत्रिका किती छान होती, ओठ तेवढा नसता तर." त्या दम घ्यायला थांबल्या. "तवा ओठच होता. नि आतापन ओठच हाय. सर्व्हर-बिर्व्हर काय नाय."